चारशेच्या आत

९ सप्टेंबर १९९८, बुधवार

सुझी, माझी बायको, ज्या हॉटेलात काम करते तिथे पाहुण्यांना वाटायला डायऱ्या येतात. त्यातली उरलेली एक तिने जानेवारीत मला आणून दिली आणि तेव्हापासून ती कोरीच होती. आज उघडली, कारण डोक्यात जे चाललंय ते सुझीला सांगितलं तर ती म्हणेल, "हिलरी, तुझं दर सप्टेंबरात हेच असतं." आणि ते खरं आहे.

बिलकीस मॅडमनी दुपारी केबिनमध्ये बोलावलं. आमच्या दुबईच्या शाळेच्या प्रिन्सिपल, मूळच्या हैदराबादच्या, आवाज कधी चढवत नाहीत. "हिलरी सर, मॅनेजमेंट पूछ रहा है, पीटी के लिए अलग टीचर क्यों चाहिए? चार साल में एक कप नहीं आया." म्हणजे मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं की व्हिसा कॅन्सल आणि मी वसईला. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिथे जाऊन शिट्टी वाजवत कुणाला पळवणार आहे मी?

कप येत नाही यात माझा दोष किती? आंतरशालेय क्रीडा समितीचा नियम असा आहे: नववी ते बारावीचा पट चारशेपर्यंत असला तर शाळा ब गटात. चारशेच्या वर एक डोकं गेलं की अ गटात. अ गटात त्या अवाढव्य शाळा, ज्यांच्या नुसत्या नववी-दहावीत हजार पोरं. गेल्या वर्षी आमचा पट ४०७ होता. माझ्या खो-खोच्या मुलींना पहिल्याच सामन्यात एका डावाने मार बसला. परतताना बसमध्ये त्या रडल्यासुद्धा नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटलं.

यंदा पट मोजायची तारीख १५ सप्टेंबर आहे. एकदा गट ठरला की दोन वर्षं तोच. आज ऑफिसात क्लार्क सदानंदकडचं रजिस्टर पाहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेली काही कुटुंबं परतलीच नाहीत, दाखले नेले. आता पट ४०१ आहे. मी तीनदा मोजला.

१३ सप्टेंबर, रविवार

चिपळूणहून फोन आला. प्रज्ञा शिगवणची आई, ममताबाई. प्रज्ञा दहावीतली, माझ्या संघातली, आणि खरं सांगायचं तर संघातली एकटीच खेळाडू. बाकीच्या धावतात, ती खेळते. खांबावर सूर मारते तेव्हा मागून फक्त वाळू उडालेली दिसते. गेल्या वर्षीच्या त्या सामन्यात आम्ही जे काही गडी बाद केले, त्यातले निम्मे हिचे.

ममताबाई म्हणाल्या, "सर, आमचा दोघींचा व्हिसा ह्यांच्या कंपनीत अडकलाय. आज-उद्या करतायत. पण आम्ही येणार, नक्की येणार. तेवढं तिचं नाव ठेवा."

मी म्हटलं, "नाव कुठे जातंय, ताई? तुम्ही सावकाश या."

१५ सप्टेंबर, मंगळवार

नाव कमी केलं.

सदानंद कणकवलीचा, ऑफिसात अकरा वर्षं आहे, नियमाने चालणारा. म्हणाला, "सर, दाखला नेल्याशिवाय आपण नाव कमी करत नाही. जुलैमध्ये गेलेली मुलं ऑक्टोबरातसुद्धा येतात."

"व्हिसाच नाही तर येणार कशी?"

"त्यांचा काही फोन?"

"नाही," मी म्हटलं.

इतक्या सहज म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. त्याने पट्टी ठेवून लाल रेघ मारली. बिलकीस मॅडमनी सही केली आणि एक वाजता समितीला फॅक्स गेला. ४००. ब गट. बाकीच्या बारा जणी ब गटात पुरून उरतील. संघासाठीच केलं मी हे. माझ्यासाठीही केलं, ते इथे लिहायला काय हरकत आहे?

१९ सप्टेंबर, शनिवार

सकाळी प्रार्थनेला उभा राहिलो आणि समोर दहावीच्या रांगेत प्रज्ञा. दोन वेण्या, नवे बूट. मायलेकी काल संध्याकाळच्या फ्लाइटने आल्या. मला बघून हसली.

दुपारी मॅडमच्या केबिनमध्ये मी, सदानंद आणि मॅडम. सामने संपायच्या आत नाव घेतलं तर समितीला कळवावं लागतं, म्हणजे ४०१, म्हणजे अ गट. मॅडम म्हणाल्या, "बच्ची क्लास में बैठेगी. पढ़ाई का नुकसान नहीं. नाम टूर्नामेंट के बाद लिखेंगे. एक महीने की तो बात है." सदानंदने रजिस्टर उचललं. जाताना म्हणाला, "तिला तुम्हीच सांगा, सर."

सांगितलं. व्हिसाच्या कागदांमुळे थोडा घोळ झालाय, सामन्यांत घेता येणार नाही, पण प्रॅक्टिसला ये. ती म्हणाली, "ओके सर." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ सप्टेंबर, बुधवार

हजेरीत सोळानंतर एकदम अठरा. काल सवयीने सतरा नंबरच्या प्रज्ञाने मध्येच "प्रेझेंट" म्हटलं आणि वर्ग हसला, असं तिच्या क्लास टीचरने स्टाफरूममध्ये सांगितलं. आज पुन्हा म्हणाली. आज कोणी हसलं नाही. टीचर म्हणाली, "मलाही नीट ऐकू आलं नाही. मुलींनीच नंतर विचारलं, कोणी काही म्हटलं का म्हणून."

२८ सप्टेंबर, सोमवार

आज एक प्रकार मी स्वतः पाहिला. शाळा सुटल्यावर मनखूल भागात जाणाऱ्या बसपाशी हव्वाबी उभी होती. मुलांना चढवते-उतरवते ती बाई, डोळ्यांत तेल घालून मोजणारी, तिच्या हातून इतक्या वर्षांत एक पोर सुटलेलं नाही. यादीत एकतीस नावं. तिने यादी पाहिली, डोकी मोजली, म्हणाली, "पूरे हैं. यल्ला, चलो," आणि दार ओढलं. प्रज्ञा तिच्या कोपराला लागून उभी होती.

मी ओरडून बस थांबवली. हव्वाबी मलाच विचारायला लागली, "किसको चढ़ाना है, सर?" मी बोट दाखवलं तेव्हा तिने प्रज्ञाकडे पाहिलं, पण जसं लांबचं काही बघतात तसं, डोळे बारीक करून. "अच्छा, ये," म्हणाली.

प्रज्ञा चढताना मला म्हणाली, "परवापासून मी चालतच जाते सर. जवळ आहे."

३० सप्टेंबर, बुधवार

प्रॅक्टिस. प्रज्ञा तिसऱ्या चौकोनात बसली होती. आमची कॅप्टन कुबरा आली आणि त्याच चौकोनात बसली. म्हणजे तिच्या जागेवर नाही, तिच्यावरच. प्रज्ञा बाजूला सरकून उठली. कुबराला पत्ताच नाही. मी कुबराला झापलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "व्हॉट डिड आय डू, सर?" खोटं बोलणारी मुलगी नाही ती.

मला हे आवडलेलं नाही. पण सामने तोंडावर आहेत.

४ ऑक्टोबर, रविवार

इथे सुट्टी शुक्रवारची, रविवारी शाळा असतेच. प्रज्ञाने मैदानावर गाठलं. "सर, नाव कधी लिहिणार?"

"बावीसला फायनल. त्याच्या दुसऱ्या दिवशी लिहितो."

ती गेली नाही. वाळूत बुटाने रेघ ओढत उभी राहिली. मग म्हणाली, "काल आईने दोनच ताटं वाढली, सर. बाबांचं आणि तिचं. मी समोरच बसले होते. मग म्हणाली, अगं बाई, तू आहेस होय. आणि हसली. मीपण हसले."

मी तिला म्हटलं, प्रवासाचा थकवा असतो, आईला विश्रांती घ्यायला सांग. दुसरं काय सांगणार होतो? आज, आत्ता ऑफिसात जाऊन नाव लिहू शकलो असतो. सदानंद होता. रजिस्टर टेबलावरच होतं. मी तिथपर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो.

११ ऑक्टोबर, रविवार

साखळी सामने सुरू झाले. पहिला जिंकलो, दुसराही. चार वर्षांत प्रथमच मॅडमनी प्रार्थनेत माझं नाव घेतलं.

सूर मारणारी ती मुलगी आज दिसली नाही. की दिसली होती? नाव ओठांवर आहे आणि येत नाही. सुझी म्हणते उन्हात टोपी घालत नाहीस, मग विसरायला होतं. ती तपासणीच्या मागे लागली आहे. साखर असेल. आमच्या घराण्यात आहेच.

१४ ऑक्टोबर, बुधवार

सेमीफायनलला पोचलो.

कॅन्टीनवाल्यावर उखडलो. बारा मुली, बारा सँडविच, लबनचे, म्हणजे इथल्या ताकाचे, बारा पेले सांगितले होते आणि रोज एक कमी पडतं. तो कसम खाऊन सांगतो बारा दिले. मुली म्हणतात आम्ही एकेकच घेतलं. आज मी स्वतः मोजून वाटले. बारा हातात दिले आणि शेवटी कुबरा रिकाम्या हाताने उभी. माझंच तिला दिलं.

अजून एक. प्रॅक्टिस संपल्यावर वाळूवर फळी फिरवून मी मैदान सारखं करतो. सकाळी बघावं तर खांबापाशी लांबलचक चर ओढलेला असतो, कोणीतरी सूर मारल्यासारखा. वॉचमन म्हणतो मांजर असेल. एवढं मोठं मांजर मी दुबईत पाहिलेलं नाही.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

कप आला. एका गड्याने जिंकलो.

पण जे झालं ते लिहून ठेवतो, कारण उद्या कोणी आरोप केला तर. समोर अजमानची एक छोटी शाळा होती. शेवटच्या डावात आमचं आक्रमण, तीस सेकंद उरलेली, एक गडी हवा. त्यांची शेवटची मुलगी खांबाकडे पळाली. आमची कुबरा चार पावलं मागे होती, तिचा हात पोचणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात ती मुलगी किंचाळली आणि बसली. पंचाने शिट्टी वाजवली. बाद.

तिच्या कोचने हरकत घेतली. मुलीला पुढे आणलं. पंचाने आमच्या नऊ जणींना रांगेत उभं केलं आणि विचारलं, कोणी हात लावला? तिने एकेक चेहरा पाहिला. "इनमें से कोई नहीं. दूसरी थी. उसने मेरे कान में खो बोला."

पंचाने मोजलं. नऊच होत्या. बाकीच्या तिघी बाकावर. मैदानात दहावी मुलगी आली कुठून? मी चिडून बोललो, आमच्यावर असले आळ घेऊ नका. गुणपत्रकात प्रत्येक बळीपुढे बाद करणारीचा छातीवरचा नंबर लिहितात. अकरा बळी होते. दहांपुढे नंबर होते, अकराव्यापुढे लेखनिकाने काहीच लिहिलेलं नव्हतं. म्हणाला, मला बाद झालेली दिसली, करणारी दिसली नाही. पण मुलीची पाठ वाळूने माखली होती, पाच बोटं उमटली होती. निकाल कायम राहिला.

बसमध्ये मुली गाणी म्हणत नव्हत्या. मी म्हटलं, अगं, जिंकलात ना? कुबरा खिडकीतून बाहेर बघत होती.

२४ ऑक्टोबर, शनिवार

मॅडमनी केक कापला. कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षं वाढणार. सुझीला फोन केला तर ती आनंदाने रडली, आणि मलाही भरून आलं.

कपाबरोबरचा फोटो धुऊन आला. फोटोवाल्याला अक्कल नाही. बारा मुली दोन रांगांत, आणि मागच्या रांगेत मधोमध एका माणसाची जागा मोकळी. कुबराचा हात त्या मोकळ्या जागेत असा वर, खांद्यावर ठेवल्यासारखा. मी तिला विचारलं, असा का धरला होतास हात? तिला आठवत नव्हतं.

काहीतरी करायचं राहिलंय असं तीन दिवस वाटतंय. फायनलच्या दुसऱ्या दिवशी काहीतरी करायचं होतं. काल शुक्रवार होता, चर्चमध्ये मिस्सेला गेलो, तिथेही तेच. गॅस बंद केला का, दार लावलं का, तशी रुखरुख.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी गेटवर वॉचमनने बोलावलं. एक बाई रोज येऊन उभी राहते म्हणाला, चार दिवस झाले, काही सांगत नाही. मी गेलो. चाळिशीची, साधी सुती साडी, हातात स्टीलचा डबा. मराठीच होती. बोलण्यावरून चिपळूणकडची.

"कोण हवंय ताई?"

"मी डबा घेऊन आलेय."

"कुणासाठी?"

ती ओशाळली. "तेच विचारायला येते, सर. सकाळी उठून मी करते. ह्यांचा एक, आणि हा एक. हे म्हणतात, हा कुणाचा? मला सांगता येत नाही. पण हात आपोआप भरतात. इथपर्यंत पाय आपोआप येतात. तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

मी विचारलं, "तुमचं मूल आहे या शाळेत?"

"आम्हाला मूल नाही," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने डबा छातीशी घट्ट धरला.

मी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं. नाव ममता म्हणाली. नाव ऐकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी हे लिहायला डायरी उघडली आणि ममता हे नाव कुठे ऐकलंय म्हणून मागची पानं चाळली.

सगळं वाचलं. नऊ सप्टेंबरपासून. पुन्हा वाचलं. अक्षर माझं आहे. खाडाखोड माझी आहे. प्रज्ञा शिगवण नावाच्या मुलीबद्दल मी पानंच्या पानं लिहिली आहेत आणि मला ती आठवत नाही. वेण्या आठवत नाहीत, बूट आठवत नाहीत. "नाव कुठे जातंय" असं मी कुणाला म्हटलं होतं तेही आठवत नाही. सुझीला वाचून दाखवलं. तिने डायरी माझ्या हातातून घेऊन मिटली. म्हणाली, "हिलरी, उद्या जाऊन लिही."

"समितीला खरं कळवलं तर कप जाईल."

"जाऊ दे."

"आपणही जाऊ."

"जाऊ, हिलरी. पण आधी तिचं नाव लिही."

२८ ऑक्टोबर, बुधवार

सदानंदकडून सप्टेंबरचं रजिस्टर घेतलं. दहावी ब, सतरा नंबर, लाल रेघ. रेघेखाली नाव वाचता येत होतं. सदानंदने रेघेवर बोट ठेवलं. "ही रेघ माझी आहे, सर? मी बिनदाखल्याची कधीच मारत नाही."

"मी मारायला लावली. फोन आला होता. मी नाही म्हणून सांगितलं."

बिलकीस मॅडम म्हणाल्या, "कौन सी बच्ची, सर?" मी सगळं सांगितलं. त्या ऐकून घेतल्यावर हळूच म्हणाल्या, "जो बच्ची है ही नहीं, उसका नाम लिखकर चार सौ एक करेंगे? कप वापस, नौकरी वापस?" मी म्हटलं, मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात, एक महिन्याचा प्रश्न आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या सहीकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "लिखिए."

मी माझ्या हाताने लिहिलं. प्रज्ञा शिगवण. पट ४०१. १५ सप्टेंबरचा आकडा खोटा होता असा समितीला फॅक्स केला आणि खाली सही केली.

मग गेटवर गेलो. ममताबाई डबा घेऊन उभ्या होत्या. काय आणि कसं सांगावं हे रस्ताभर ठरवलं होतं, ते सगळं तोंडातच राहिलं. एवढंच म्हणालो, "ताई, डबा प्रज्ञाचा आहे."

त्यांनी ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

"छान नाव आहे," त्या म्हणाल्या. "कुणाची मुलगी?"

मला तिथे उभं राहवेना. मी त्यांना शनिवारी सकाळी यायला सांगितलं.

३१ ऑक्टोबर, शनिवार

समितीचं पत्र आलं. कप सोमवारी परत न्यायचा. मॅनेजमेंटचं पत्र आज-उद्या येईल. मुलींना मी मैदानावर बसवून खरं ते सांगितलं. कुबरा म्हणाली, "शी वॉज गुड, सर?" मी म्हटलं, मी लिहिलंय तसं.

सकाळी हजेरीच्या वेळी दहावी ब च्या दारात मी उभा राहिलो. ममताबाई माझ्याशेजारी. का आलोय ते त्यांना ठाऊक नव्हतं, मी बोलावलं म्हणून आल्या होत्या. टीचरने चौदा म्हटलं, पंधरा म्हटलं, सोळा म्हटलं. मग नव्या ओळीवर थांबली आणि नाव पुकारलं.

मागच्या बाकावर एक जागा रिकामी होती, पण त्या बाकावरच्या मुली भिंतीला चिकटून बसल्या होत्या. टीचरने माझ्याकडे पाहिलं. तिला अठरा म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "परत पुकारा."

तिने पुकारलं. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ममताबाईंनी मान त्या बाकाकडे वळवली.

मार्चपर्यंत मी इथे आहे. तोवर रोज पुकारायचं, तीन-तीनदा, असं टीचरला सांगून ठेवलंय.